जामिया उस्मानिया : दगडातला मेळ आणि वर्गातली भाषा

काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तीन लहान स्थानके एकापाठोपाठ एक लागतात : विद्यानगर, जामिया उस्मानिया आणि आर्ट्स कॉलेज. पहिले नाव संस्कृत, दुसरे अरबी-उर्दू आणि तिसरे इंग्रजी. तिन्ही नावांत विद्येचाच निर्देश आहे. ह्या परिसराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास कोणाला थोडक्यात सांगावयाचा असेल, तर ही तीन नावे उच्चारल्याने त्याचे बरेचसे काम होईल. संस्थानाच्या काळी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे घेत येणारी मीटरगेज गाडी सिकंदराबाद मागे टाकून ह्याच बाजूने काचीगुड्यास पोचत असे. घरी मराठी बोलणारी, तालुक्याच्या शाळेत उर्दू शिकलेली कित्येक मुले ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या गाडीने हैदराबादेस आली. आज विद्यापीठाच्या आवारात पायी हिंडणाऱ्या मराठी माणसाने त्या मुलांचे स्मरण ठेवले, तर समोरच्या इमारतींचा अर्थ त्याला अधिक उलगडेल.

खडकांची जागा

स्थानकापासून आत वळले की पहिली भेट होते ती खडकांची. अडिकमेटचा हा सारा माळ ग्रॅनाइटचा आहे. एकावर एक रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या ह्या शिळांचे वय भूवैज्ञानिक सुमारे अडीचशे कोटी वर्षे सांगतात. गेल्या काही दशकांत हैदराबाद शहराने अशा किती तरी शिळा फोडून त्यांवर वस्त्या उभ्या केल्या. विद्यापीठाच्या हजाराहून अधिक एकरांच्या आवारात मात्र त्यांतील काही अद्याप जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या सावलीत परीक्षेच्या दिवसांत पुस्तके घेऊन बसलेली मुले दिसतात.

ही जागा निश्चित होण्यापूर्वी विद्यापीठ शहरातच, बशीरबागेकडे, निजाम कॉलेजच्या शेजारच्या इमारतींतून चालत होते. सर अकबर हैदरी ह्यांनी सादर केलेल्या निवेदनावरून सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी २६ एप्रिल १९१७ रोजी विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान काढले आणि पुढच्याच वर्षी ते अस्तित्वात आले. पहिल्या तुकडीत २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक होते. कला आणि धर्मशास्त्र अशा दोनच शाखा होत्या. कायमच्या वास्तूसाठी जागा पाहण्याचे काम पॅट्रिक गेडिस ह्यांच्याकडे आले. १९१९ ते १९२४ ह्या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यापन करणारे हेच ते गेडिस. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे मुंबईतील विद्यार्थी. नगररचनेचा विचार करताना नकाशावर रेघा ओढण्यापूर्वी माणसाने ती जमीन पायी तुडवली पाहिजे, असा गेडिस ह्यांचा आग्रह असे. त्यांनी आपला अहवाल १९२३ साली दिला. आवाराचा विस्तार, चढउतार आणि मोकळे आकाश पाहिले म्हणजे आजही हा परिसर वाहनातून पाहण्याचा नाही, चालत पाहण्याचा आहे, हे पटते.

दगडातला मेळ

झाडांमधून रुंद रस्त्याने पुढे जावे आणि एका वळणानंतर कला महाविद्यालयाची इमारत समोर यावी, हा अनुभव अनेकांनी वर्णिला आहे. जवळ जाईपर्यंत तिच्या आकाराचा नीटसा अंदाज येत नाही. पायऱ्यांवर बसलेली माणसे दिसली, की मगच मधल्या कमानीची उंची ध्यानात येते. दोन्ही अंगांना पसरलेले दुमजली पाख आणि मध्ये त्यांच्याही वर डोके काढून उभे असलेले भव्य प्रवेशद्वार, अशी तिची साधी मांडणी आहे. दगड इथलाच, गुलाबी छटेचा ग्रॅनाइट. सकाळी तो फिका, राखाडीकडे झुकणारा वाटतो. संध्याकाळचे ऊन पडले म्हणजे त्यातील गुलाबी रंग वर येतो.

ह्या इमारतीमागे मोठी तयारी होती. नवाब झैन यार जंग आणि सय्यद अली रझा ह्या दोघांना विद्यापीठांच्या इमारती पाहण्यासाठी संस्थानने परदेशी धाडले. त्या प्रवासात त्यांची गाठ बेल्जियन वास्तुशास्त्रज्ञ अर्नेस्ट जास्पर ह्यांच्याशी पडली. जास्पर ह्यांनी कैरोच्या नव्या उपनगरात, हेलिओपोलिस येथे, १९१० मध्ये खुले झालेले प्रचंड हॉटेल बांधले होते. पुढे तीच वास्तू इजिप्तच्या अध्यक्षांचा प्रासाद झाली. युरोपीय शिक्षण घेतलेला आणि इस्लामी वास्तुकलेच्या माहेरघरी काम केलेला हा माणूस हैदराबादेस आला आणि त्याने आराखडे तयार केले. ५ जुलै १९३४ रोजी निजामांच्या हस्ते कोनशिला बसली. जास्पर निघून गेल्यावर बांधकामाची देखरेख झैन यार जंग ह्यांनी केली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले.

प्रवेशद्वाराची खोल, उंच कमान पाहून जाणकारांना कैरोतील सुलतान हसनच्या चौदाव्या शतकातील वास्तूची आठवण होते. ती वास्तू नुसती मशीद नव्हती, तर तेथे मदरसाही होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विद्येच्या घरासाठी विद्येच्याच घराचा नमुना घेतला गेला. दख्खनलाही अशा वास्तूंची परंपरा होती. बिदरला १४७२ मध्ये बांधला गेलेला महमूद गवान ह्याचा मदरसा येथून फार दूर नाही. कमानींत बहमनी आणि कुतुबशाही वळणे आहेत, तर खांबांच्या घडणीत अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांची छाया आहे.

ह्या शेवटच्या गोष्टीपाशी मराठी पाहुण्याने थोडे थांबावे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही स्थळे त्या वेळी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी ह्यांच्या नेतृत्वाखाली, अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, त्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणविले आणि पुढे त्या चित्रांवरचे मोठे ग्रंथही सिद्ध झाले. तेव्हा लेण्यांतील खांब विद्यापीठात आले ते कोण्या परदेशी माणसाची हौस म्हणून नव्हे. आपल्या मुलखात जे जे आहे ते ते आपल्या विद्यापीठात दिसावे, ही त्यामागील जाणती इच्छा होती. मराठवाड्याच्या डोंगरात कोरलेला खांब आणि कैरोच्या धाटणीची कमान ह्या इमारतीत एकमेकांचा भार पेलून उभे आहेत. कोणी कोणाला बाहेर ठेवलेले नाही.

वर्गातली भाषा

पायऱ्या चढून कमानीखालून आत गेले की ऊन मागे राहते आणि एकदम गारवा लागतो. प्रवेशदालनात मान मागे टाकून वर पाहावे लागते. तेथून दोन्ही बाजूंना लांबच लांब ओसऱ्या आणि त्यांवर उघडणाऱ्या वर्गखोल्या. जी गोष्ट बाहेरच्या दगडात साधली, ती ह्या खोल्यांमध्ये साधली का, हा प्रश्न येथे उभा राहतो.

उस्मानियाने जे धाडस केले ते विसरता येणार नाही. भारतात १८५७ पासून जी आधुनिक विद्यापीठे निघाली, त्यांचे उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. एका भारतीय भाषेतून इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान, वैद्यक, स्थापत्य असे सर्व विषय शिकविता येतील, असे म्हणणारे आणि तसे करून दाखविणारे आधुनिक विद्यापीठ म्हणजे उस्मानिया. इंग्रजी हा विषय आवश्यक होता, माध्यम मात्र उर्दू होते. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून १९१७ सालीच 'दार-उत-तर्जुमा', म्हणजे भाषांतराचे स्वतंत्र खाते काढण्यात आले. मौलवी अब्दुल हक ह्यांच्यासारखे भाषापंडित तेथे होते, कवी जोश मलीहाबादी ह्यांनीही तेथे काम केले. शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले आणि त्यासाठी पारिभाषिक शब्दांचा संग्रह घडविण्यात आला. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनी हैदरींना पत्र लिहून ह्या उपक्रमाचे मनापासून स्वागत केले होते.

पण तत्त्व जितके निर्मळ होते, तितका त्याचा व्यवहार नव्हता. परभाषेचे जोखड विद्यार्थ्याच्या मानेवरून उतरावे, हे ते तत्त्व. संस्थानातील सुमारे निम्म्या प्रजेची भाषा तेलुगू होती, सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारा होता, त्याखालोखाल कानडी होती. उर्दू ही दहा-बारा टक्क्यांच्या घरची भाषा. ती राज्यकारभाराची आणि न्यायालयाची भाषा होती, हिंदुस्थानभर समजली जाणारी भाषा होती, हा हैदरींचा युक्तिवाद खोटा नव्हता. तथापि परभणीच्या किंवा बीडच्या मुलाला इंग्रजी जितकी परकी, तितकी नसली तरी उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. मराठी हा विषय म्हणून शिकता येई. मराठीतून मात्र काही शिकता येत नसे. ज्या युक्तिवादाने उर्दूला विद्यापीठ मिळाले, तोच युक्तिवाद तेलुगू, मराठी आणि कानडी ह्यांच्या तोंडी आला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले नाही. ह्यात दोष उर्दू भाषेचा नव्हता. ज्याने आपल्या भाषेसाठी न्याय मागितला, त्याने शेजाऱ्याच्या भाषेला तो नाकारला, एवढाच काय तो दोष.

ह्या व्यवस्थेतून मराठी माणसाला काहीच मिळाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. उर्दू-फारसीशी जवळीक असलेली एक पिढी येथे तयार झाली. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी फारसी साधनांतून मराठ्यांच्या इतिहासात जी भर घातली आणि उर्दू काव्य मराठी वाचकांच्या दारी आणले, ते हैदराबादच्या ह्या संमिश्र वातावरणाचेच देणे होय. मराठवाड्याचे दोन सुपुत्र, शंकरराव चव्हाण आणि शिवराज पाटील, पुढे भारताचे गृहमंत्री झाले. शंकररावांची कायद्याची पदवी आणि शिवराज पाटील ह्यांची विज्ञानाची पदवी उस्मानियाचीच.

वसतिगृहातले गाणे

इमारतीतून बाहेर पडून वसतिगृहांच्या दिशेने चालू लागले की इतिहासाचे दुसरे पान उघडते. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. हे लोण थोड्याच दिवसांत हैदराबादेस, उस्मानियाच्या वसतिगृहांत येऊन पोचले. प्रार्थनेच्या वेळी हे गीत गाण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि त्यांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढून टाकण्यात आले. कारवाई झालेल्या मुलांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागेल इतकी होती. मराठी, तेलुगू, कानडी अशी सर्व भाषांची मुले त्यांत होती. वर्ष वाया जाण्याची वेळ आली असता नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. त्या वेळचे कुलगुरू टी. जे. केदार ह्यांनी ह्या मुलांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव हेही ह्याच चळवळीमुळे नागपूरला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते शंकरराव चव्हाणांकडे आले, तेव्हा उस्मानियाच्या दाराबाहेर पडलेला एक आणि त्याच दारातून पदवी घेऊन निघालेला दुसरा असे दोघे एका मेजाशी बसले होते.

तारखा जुळवून पाहिल्या म्हणजे मन विषण्ण होते. गीतावरून मुलांना बाहेर काढले ते १९३८ च्या अखेरीस. कला महाविद्यालयाचे उद्घाटन झाले ते १९३९ च्या डिसेंबरात. म्हणजे लेण्यांतील खांब आणि कैरोची कमान ह्यांचा मेळ घालणारे दगड जेव्हा शेवटचा हात फिरून तयार होत होते, नेमक्या त्याच महिन्यांत तेथल्या माणसांचा मेळ विस्कटत होता. दगड घडविणाऱ्यांना जे समजले होते, ते कारभार पाहणाऱ्यांना उमगले नाही.

वर्गाबाहेरची शाळा

वर्गात जागा न मिळालेली भाषा कोठे जाते? ह्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या आवारात नाही, शहरात आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी 'विवेक वर्धिनी' शाळा विसाव्या शतकाच्या प्रारंभीच उभी केली होती. १९२२ मध्ये, म्हणजे उस्मानियाचे पहिले विद्यार्थी अद्याप बशीरबागेच्या इमारतींत बसत होते तेव्हा, हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १९३७ साली मराठी साहित्य परिषद आली. ह्या संस्थांना ग्रॅनाइटच्या कमानी नव्हत्या. वर्गणी, देणगी, घरोघरून मागून आणलेली पुस्तके आणि संध्याकाळचा वेळ देणारे कार्यकर्ते, एवढ्या भांडवलावर त्या चालल्या. दिवसा उर्दूतून अर्थशास्त्राची टिपणे घेणारा विद्यार्थी संध्याकाळी येऊन मराठी मासिक चाळी, तेव्हा त्याच्या शिक्षणाचा उरलेला भाग पुरा होत असे. ग्रंथालय हे विद्यापीठाला पर्याय नव्हे. ज्यांच्या भाषेला विद्यापीठाने आत घेतले नाही, त्यांनी आपल्यापुरते उघडलेले ते एक दालन होते.

विद्यापीठाचे स्वतःचे ग्रंथालयही पाहण्याजोगे आहे. पाच लाखांच्या आसपास ग्रंथ आणि हजारो हस्तलिखिते, ताडपत्रांसह, तेथे आहेत. फारसी, अरबी, उर्दू, संस्कृत, तेलुगू अशा भाषा तेथे एकाच छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात. पुस्तकांच्या कपाटात भाषांचे भांडण नसते, ही गोष्ट ग्रंथालयाच्या सभासदांना मुद्दाम सांगावयास नको.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि थोड्याच अवधीत विद्यापीठाचे माध्यम बदलले. आता तेलुगू येईल, मराठी येईल, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. उर्दूच्या जागी इंग्रजी आली. भाषांतर खात्याचे काम थांबले. तीस वर्षे खपून घडविलेली परिभाषा, शेकडो अनुवादित ग्रंथ आणि ते करणाऱ्या माणसांचा अनुभव हे सारे कपाटांत गेले. उर्दूच्या सक्तीचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना तिचे जाणे त्या वेळी सुटकेसारखे वाटले असेल, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु भारतीय भाषेतून सर्वोच्च ज्ञान देता येते, हा दाखलाही त्याबरोबर गेला, ही हानी त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. पुढे महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनी वाईला मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले, तेव्हा परिभाषेच्या ज्या अडचणी त्यांच्यापुढे आल्या, त्यांतील कित्येकांशी दार-उत-तर्जुमाचे पंडित चार दशके आधीच झुंजले होते.

मराठवाड्यातील महाविद्यालये काही वर्षे उस्मानियाशीच जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हा धागा सुटला. त्याआधी, १२ जानेवारी १९५३ रोजी, उस्मानियाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली होती. १९९४ पासून मराठवाड्याचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नाते सुटले तरी असा एखादा दुवा मागे राहतो.

परतीची वाट

उन्हे उतरल्यावर पुन्हा कला महाविद्यालयासमोर यावे. ह्याच पायऱ्यांसमोर १९६९ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीसाठी विद्यार्थी जमले आणि २ जून २०१४ रोजी ते राज्य झाले. निजामाने बांधलेली ही इमारत प्रत्येक पिढीने आपल्या कामासाठी वापरून घेतली. विद्यापीठाच्या जुन्या चिन्हावर ज्ञानाच्या नगरीला आणि तिच्या द्वाराला उद्देशून असलेले हदीसवचन होते. आजच्या चिन्हावर अंधारातून उजेडाकडे नेण्याची उपनिषदातील प्रार्थना आहे. शब्द बदलले, पण समोरचे दार तेच आहे आणि त्याला कवाडाचा धाक वाटावा असे काही नाही.

ह्या दाराने एकदा खांबाला आणि कमानीला एकत्र आणले. भाषांना एकत्र आणण्याचे काम मात्र अर्धेच राहिले. ते काम आता कोण्या निजामाच्या फर्मानाने होणार नाही. मराठी पुस्तकाशेजारी तेलुगू आणि उर्दू पुस्तक ठेवणारे, आपल्या भाषेसाठी जे मागतो ते शेजाऱ्याच्या भाषेसाठीही मागणारे वाचक जेथे तयार होतील, तेथे ते होईल. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वी वर्गणीच्या पैशांतून घेतलेले एक कपाटही पुरेसा प्रारंभ होता. आर्ट्स कॉलेज स्थानकावर संध्याकाळची गाडी येते. विद्यानगर, जामिया उस्मानिया आणि आर्ट्स कॉलेज ही तिन्ही नावे आजही त्याच मार्गावर, एकमेकांशेजारी उभी आहेत. रुळांना त्याची कधी अडचण झालेली नाही.